गेट, बर्फी आणि ‘उद्या नक्की’

कविता (बी-३०४): नमस्कार. शुक्रवारी दुपारी २.२० ला कुरिअरचा मुलगा माझं पार्सल न्यायला आला होता. त्याला गेटवरून परत कोणी पाठवलं? एवढंच विचारायचं आहे.

गावंडे काका (सेक्रेटरी): नमस्कार ताई. १ ते ४ बाहेरच्यांना प्रवेश नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. शंकरभाऊंनी नियम पाळला. 🙏

कविता (बी-३०४): ठराव माहीत आहे काका. सायकल एकाची गेली, शिक्षा सगळ्यांना. माझं जास्तीचे पैसे भरून ‘उद्या नक्की’वालं बुकिंग होतं. ६ किलो संत्रा बर्फी, नागपूरहून ठाण्याच्या एका ताईंना. रविवारी डोहाळजेवण होतं त्यांच्याकडे. पार्सल पोहोचलं सोमवारी संध्याकाळी. आता त्या ताई पूर्ण ४,८०० परत मागून राहिल्या, आणि कुरिअरवाले म्हणतात तुमच्याच गेटवर अडवलं, आम्ही काय करणार.

दाणी काकू (ए-००२): अगं बाई! खराब झाली का गं?

कविता (बी-३०४): ताज्या संत्र्याच्या गराची असते काकू. इतके दिवस बंद डब्यात राहिली. वास आला म्हणे.

रोशन (सी-४०२): दुरांतोत बसवून दिली असती तर सकाळी मुंबईत उतरली असती 😄

चौबेजी (सी-१०१): समृद्धी है ना भाई. ७०१ किलोमीटर. सुबह निकलो, शाम को ठाणे.

रोशन (सी-४०२): भाऊ, समृद्धीवर गाडी पळते. पार्सल इथेच नागपूरजवळच्या वाडीच्या गोडाऊनात झोपून राहते.

आकरे काका (ए-१०३): १९१५ ला फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैसे लागत नाही.

गावंडे काका (सेक्रेटरी): कुरिअरच्या उशिराशी सोसायटीचा संबंध जोडू नये, ही नम्र विनंती. नियम सर्वांना सारखा आहे. तसंही निवासी सदनिकेतून व्यवसाय चालवताना आधी कमिटीला कळवायचं असतं.

कविता (बी-३०४): वा काका. दिवाळीत तुमच्याकडे दोन किलो गेली तेव्हा नव्हता वाटते व्यवसाय?

गावंडे काका (सेक्रेटरी): त्याचे पैसे दिले होते.

दाणी काकू (ए-००२): छान होती हो पण ती बर्फी.

पराग (बी-२०१): ए-विंगमध्ये संध्याकाळी ट्यूशन भरते, २० पोरं लिफ्टमध्ये. तिथे कोणी कळवलं होतं कमिटीला?

(हा मेसेज डिलीट केला आहे.)

रोशन (सी-४०२): कोणी काय लिहिलं होतं? मी वाचायच्या आत उडवलं 😭

स्नेहा भुसारी (ए-५०१): कविताताई, दोन गोष्टी सांगा. पावतीवर पोहोचायची तारीख छापली आहे का? आणि तो मुलगा शेवटी किती वाजता घेऊन गेला?

कविता (बी-३०४): पावतीवर शनिवार छापलं आहे. संध्याकाळी पुन्हा आला, तेव्हा नेलं. वेळ आठवत नाही.

रोशन (सी-४०२): खाली जाऊन पाहून आलो. (फोटो: गेटचं रजिस्टर) २.२० ला ‘परत’, ५.४५ ला ‘नेले’. शंकरभाऊंचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

गावंडे काका (सेक्रेटरी): म्हणजे त्याच दिवशी नेलं. विषय संपला.

कविता (बी-३०४): संपला कसा? ते म्हणतात त्यांची वेळ ५ ची. ५ च्या नंतर उचललेलं दुसऱ्या दिवशीचं धरतात. म्हणजे शुक्रवारचं झालं शनिवारचं, त्याचा ‘उद्या’ आला रविवार, रविवारी सुट्टी, म्हणून सोमवार. असं शिकवलं मला फोनवर. ‘उद्या’ची किंमत घेतली आणि दिला परवाच्या पुढचा दिवस.

आकरे काका (ए-१०३): म्हणूनच म्हणतो, १९१५.

मेश्राम काका (बी-१०२): मी पोस्टात ३४ वर्षं काढली, थोडं सांगतो. ही दिवसाची शेवटची वेळ सगळीकडे असते. गाडी निघून गेली की पिशवी दुसऱ्या दिवशीच्या गाडीला लागते, त्यात लबाडी नाही. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं तेव्हापासून काउंटरवर रोज हाच वाद. पण आमच्या काउंटरवर ६ वाजता घेतलं तर सांगून घ्यायचे, बाई, हे आज निघणार नाही.

स्नेहा भुसारी (ए-५०१): काका, तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलं. ताई, पार्सल उचलल्यावर तुम्हाला काही मेसेज आला होता?

कविता (बी-३०४): हो, ६.१० ला. ‘तुमचे पार्सल स्वीकारले. अपेक्षित दिवस शनिवार.’ स्क्रीनशॉट टाकते.

स्नेहा भुसारी (ए-५०१): मग गेटचा मुद्दा तिथेच गळाला. २.२० ला परत गेला, मान्य. पण ५.४५ ला घेताना घड्याळ त्यांच्याही हातात होतं. उशीर झाल्याचं माहीत असून पार्सल घेतलं, जास्तीचं शुल्क ठेवून घेतलं आणि पुन्हा शनिवार कबूल केला. तेव्हाच ‘सोमवारी जाईल’ म्हटलं असतं तर ताईंनी पार्सल दिलंच नसतं. आता मागे जाऊन गेटकडे बोट दाखवता येत नाही.

गावंडे काका (सेक्रेटरी): स्नेहाताईंचे आभार. म्हणजे सोसायटीची चूक नाही, हे सिद्ध झालं.

पराग (बी-२०१): काका, तिनं सोसायटीला सर्टिफिकेट नाही दिलं. कुरिअरला पळवाट नाही एवढंच म्हटलं. १ ते ४ चा नियम मूर्खपणाचाच आहे.

गावंडे काका (सेक्रेटरी): सभेला यायचं नाही आणि ग्रुपवर शब्द वापरायचे. असो.

दाणी काकू (ए-००२): आमच्या वामकुक्षीचाही विचार करा नं. तळमजल्यावर राहून बघा. दर दहा मिनिटांनी आमचीच बेल. ‘३०४ कुठे?’ अरे लिफ्टनं वर जा नं बाबा.

चौबेजी (सी-१०१): काकूजी, बेल पे कागज चिपका दो, ‘यह ३०४ नहीं है’ 😂

कविता (बी-३०४): मग ४,८०० कोणी द्यायचे? मी कुरिअरला म्हटलं तुम्ही द्या. ते म्हणतात जास्तीत जास्त कुरिअरचं भाडं परत करू, अटी वाचा.

स्नेहा भुसारी (ए-५०१): कडू लागेल, पण त्या ठाण्याच्या ताईंना उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. पैसे त्यांनी तुम्हाला दिले, शनिवार तुम्ही सांगितला, कुरिअर तुम्ही निवडला. त्या कुरिअरला ओळखतही नाहीत. त्यांचा हिशेब तुमच्याशी, तुमचा कुरिअरशी.

कविता (बी-३०४): म्हणजे दोन्हीकडून मीच.

स्नेहा भुसारी (ए-५०१): एका बाजूनं नक्की. दुसऱ्या बाजूला भांडायला जागा आहे. अटींचं म्हणाल तर १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भारती निटिंगचा. कुरिअरनं पाठवलेली कागदपत्रं परदेशात वेळेवर मिळाली नाहीत, नुकसान लाखांत. पण पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती आणि पाठवणाऱ्याची सही होती. कोर्टानं तेवढेच मान्य केले. सही नसेल, बारीक छापलेली अट दाखवलीच नसेल, तर ग्राहक आयोगांनी ती बाजूला ठेवल्याचीही उदाहरणं आहेत. तुम्ही सही केली होती?

कविता (बी-३०४): मोबाइलवर टिक केलं. टिक केल्याशिवाय पुढे जातच नाही नं ते.

रोशन (सी-४०२): त्या अटी वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मेश्राम काका (बी-१०२): सरकारी पोस्टाचं तर अजून कठीण. १८९८ च्या कायद्यात कलम ६ होतं, हरवलं, उशीर झाला, तरी सरकार जबाबदार नाही. आमच्या वेळी स्पीड पोस्टला उशीर झाला तर फक्त शुल्क परत मिळे. आता २०२३ चा नवा कायदा आला आहे, १८ जून २०२४ पासून लागू.

आकरे काका (ए-१०३): १९१५ वर हिंदीतही बोलतात.

पराग (बी-२०१): आकरे काका, एकदा पिन करून टाका तो नंबर 🙏

आकरे काका (ए-१०३): करता येत नाही. मी अ‍ॅडमिन नाही. दोनदा विनंती केली होती.

गावंडे काका (सेक्रेटरी): अ‍ॅडमिनचा विषय इथे नको.

पराग (बी-२०१): पण हा तर धंदा झाला. धंदेवाल्याला ग्राहक मानतात का?

स्नेहा भुसारी (ए-५०१): २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर वगळला आहे, पण स्वतः राबून पोट भरायला सेवा घेतली तर तो माणूस ग्राहकच. ताई एकट्या करतात. आणि तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात चालते, म्हणजे नागपुरातच. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण ४,८०० साठी तारखांना जायचं का, ते ठरवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या: पावती, ६.१० चा मेसेज, रजिस्टरचा फोटो. मागताना भाडं वेगळं लिहा, बर्फी वेगळी. भाडं बहुतेक मिळेल. बर्फीसाठी झगडावं लागेल.

दाणी काकू (ए-००२): आणि आकरे भाऊजींचा तो नंबर?

स्नेहा भुसारी (ए-५०१): पत्राला उत्तर नाही आलं तर तोच, काकू. फुकट आहे आणि कंपन्या पुष्कळदा तिथेच नमतात.

आकरे काका (ए-१०३): 🙏🙏

चौबेजी (सी-१०१): आकरे साहब, बधाई हो.

गावंडे काका (सेक्रेटरी): सर्वांच्या भावना लक्षात घेऊन रविवारच्या कमिटी मीटिंगपर्यंत कुरिअरच्या मुलांना १ ते ४ गेटच्या टेबलापर्यंत येऊ देऊ. पार्सल शंकरभाऊंकडे ठेवावं. जबाबदारी त्यांची.

पराग (बी-२०१): त्यांची काऊन? १२ तास ड्युटी, त्यात आता आपल्या डब्यांची राखण. एखादं गेलं तर पगारातून कापाल.

गावंडे काका (सेक्रेटरी): मग तुम्ही बसा टेबलावर.

स्नेहा भुसारी (ए-५०१): भांडू नका. ज्याचं पार्सल त्यानं खाली यायचं, शंकरभाऊंनी फक्त इंटरकॉम करायचा. ताबा त्यांच्याकडे नको.

दाणी काकू (ए-००२): आणि माझी बेल नाही वाजवायची. हे ठरावात लिहा.

गावंडे काका (सेक्रेटरी): लिहितो. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनीही रविवारी जरूर यावं.

पराग (बी-२०१): 👍 (चेक येऊन राहिला आहे.)

कविता (बी-३०४): त्या ताईंना ४,८०० पाठवून दिले. सकाळी पत्र घेऊन कुरिअरच्या वाडीच्या ऑफिसला जाते, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. गावंडे काका, रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स लागेल, सोसायटीच्या शिक्क्यासह.

गावंडे काका (सेक्रेटरी): अर्ज द्या. शिक्का मारून देतो.