लायन स्टाउट गोड आहे, म्हणून वाईट?

काळाघोडा (धागाकर्ता):
आधीच्या धाग्यावर 'कडूजहर' यांनी लायन स्टाउटला, म्हणजे श्रीलंकेच्या काळ्या, भाजक्या धान्याच्या बिअरला, "बाटलीत भरलेलं गुळाचं पाणी" म्हटलं आणि वर "श्रीलंकेने चहाच करावा" असा सल्ला दिला. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी चहाचं बघू. सॅम्युअल बेकर या इंग्रजाने श्रीलंकेतल्या डोंगरी नुवारा एलियात बिअर करायला घेतली ती 1849 च्या सुमारास. सहा हजार फुटांवरचं थंड हवामान आणि झऱ्याचं पाणी, दोन्ही सोयीचं होतं. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने चहाचा मळा लावला 1867 साली. कॉफीवर तांबेरा पडला नसता तर चहा एवढा पसरलाही नसता. बिअर तिथे चहाच्या मळ्यांच्या आधीपासून आहे.

आता गोडी. आयर्लंडमधल्या डब्लिनची स्टाउट कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, तोंड आवळणारी. उष्ण देशांत दुसरीच रीत रुजली: बहुधा लागरचं (नेहमीच्या फिकट बिअरचं) यीस्ट, जोडीला साखर, कडूपणा बेताचा आणि शेवटी बिअरमध्ये उरलेली गोडी. जमैकाची ड्रॅगन स्टाउट याच घरातली. बीजेसीपी या अमेरिकी बिअर-परीक्षक संस्थेने 2015 मध्ये 'ट्रॉपिकल स्टाउट' हा वेगळा प्रकार मांडला, त्याच्या नमुन्यांत लायनचं नाव आहे. डब्लिनच्या फूटपट्टीने कोलंबोची बाटली मोजायची आणि नापास करायची, हा कुठला न्याय?

फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा. ग्लास तिरपा धरून ओता. वर येणारा फेस पांढरा नसतो, तपकिरी असतो आणि बराच वेळ टिकतो. आधी कोको आणि करपवलेल्या साखरेचा वास, मग मनुका, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मागे भाजल्या धान्याचा कडवटपणा. हा शेवटचा भाग बर्फगार प्यायलात तर हाती लागतच नाही.

कडूजहर:
संस्थेच्या यादीत नाव आहे म्हणून मला आवडायलाच हवी का? मी श्रीलंकेत गॉलला भर दुपारी प्यायलो. चार घोटांत ओठ चिकट. आणि मुख्य मुद्दा तुम्ही गाळलात: 8.8 टक्के अल्कोहोल! गोडीखाली दारू लपते आणि माणूस दुसरी मागवतो. कडू स्टाउट स्वतःच थांबवते. माझ्या सोबतच्या मित्राला त्या रात्री धरून खोलीवर न्यावं लागलं.

डोंगरवाट:
दुधाच्या साखरेमुळे गोड असते ना ही?

काळाघोडा:
नाही, ती मिल्क स्टाउट. इंग्लंडची मॅकेसन, 1907 पासूनची. ती साखर यीस्टला पचत नाही, म्हणून उरते. ही गोडी वेगळी. आणि कडूजहर, मित्राने किती प्यायली याचा दोष बाटलीला देऊ नका.

सहप्रवासी:
तुम्ही खुशाल गोडीवर भांडा. मला श्रीलंकेतल्या कँडी शहरात दुकानात विकतच दिली नाही. 1979 साली तिथे बायकांना दारू विकायला बंदी आली. जानेवारी 2018 मध्ये सरकारने ती उठवली, तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी लगेच निर्णय फिरवायला लावला. पैसे माझे, आवड माझी, आणि रांगेत नवरा. तो पीत नाही! पौर्णिमेला बौद्धांचा पवित्र दिवस म्हणून दारूविक्री सगळ्यांनाच बंद, ते समजू शकते. पण हे?

वऱ्हाडी ठेचा:
ताई, राग समजतो. पण दारूचं दुकान बंद करायला आपल्याकडे बायकाच पुढे असतात. चंद्रपूरची बंदी 2015 ला बायकांच्या मोर्च्यांनीच आली. 2021 ला उठली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका रडल्या. तुम्हाला सहलीत एक बाटली मिळाली नाही, एवढंच.

सहप्रवासी:
"एवढंच"? चंद्रपूरची बंदी बाईपुरुष सगळ्यांना होती. आडवी बाटली करताना, म्हणजे मतदानाने दारूदुकान बंद करतानाही, बायका स्वतः मत देतात. कँडीत माझं मत कुणी विचारलं? घर बुडवणारा नवरा रांगेत चालतो, कमावती बाई चालत नाही. त्या रडणाऱ्या बायकांच्या बाजूने मी आहे. त्यांना माझ्याविरुद्ध उभं करू नका.

वऱ्हाडी ठेचा:
बंदी सगळ्यांना हवी, एकट्या बाईला नको. इथवर तुमचं बरोबर. पण पिण्याला हक्क म्हणून मिरवणं मला पटत नाही, पटणारही नाही.

सहप्रवासी:
नका पटवून घेऊ. दुकानदाराने मात्र माझे पैसे घ्यावेत.

डोंगरवाट:
ताई, मग चाखली का शेवटी?

सहप्रवासी:
चाखली. रात्री हॉटेलच्या खोलीत, कोमट. कोको अगदी स्पष्ट लागला. मला गोड जास्त वाटली नाही. काळाघोडा म्हणतात ते शेवटचं कडवटपण आहे.

कडूजहर:
बरं, थंडगार पिऊ नये हे मान्य. चहावालं वाक्यही मागे घेतो, 1849 समोर आल्यावर बोलायला जागा नाही. पण गोडी दारू लपवते, यावर कुणी उत्तर दिलेलं नाही.

काळाघोडा:
लपवते, हे खरं. म्हणून एकच बाटली दोघांत घ्यावी. आता डब्लिनची कोरडी स्टाउट मटणाच्या रश्शासोबत पिऊन दाखवा, मग पुढे बोलू.