मदत हवी आहे: गोव्यातील उच्च शिक्षणाची आकडेवारी, तीन ठिकाणी तीन आकडे, कुठला धरायचा?

म्हादईपार

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या उच्च शिक्षणावर एका मराठी नियतकालिकासाठी टिपण करायचं आहे. त्यात एकच तक्ता हवा: २०१७-१८ ते २०२१-२२ ही पाच वर्षं आणि संस्था, विद्यार्थी, शिक्षक, सरकारी खर्च असे चार रकाने. त्यावरून दर विद्यार्थी खर्च काढायचा.

घोळ असा आहे. आयशेचा (अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण) अहवाल, राज्याची आर्थिक पाहणी आणि विधानसभेतलं एलएक्यूचं (आमदाराने सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं) उत्तर, तिन्हींत साधी महाविद्यालयांची संख्यासुद्धा जुळत नाही. सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयाच्या दर शंभर तरुणांमागे उच्च शिक्षणातले विद्यार्थी) २०१९-२० पर्यंत जुन्या अहवालांतून घेतलं, पुढचं २०२०-२१ च्या अहवालातून, तर आलेख मधेच तुटतो. शिक्षकांच्या संख्येत 'लेक्चर बेसिस'वाले (तासिकेवर नेमलेले) धरायचे का? आणि पैशांचं तर आयशेच्या अहवालात मला काहीच सापडलं नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

रकानेवाला

म्हादईपार, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आधी 'संस्था' म्हणजे काय ते ठरवा.

आयशे संस्थांचे तीन गट करतं: विद्यापीठ, महाविद्यालय, स्वतंत्र संस्था. सांकेतांकाचं पहिलं अक्षर अनुक्रमे यू, सी आणि एस. 'महाविद्यालय' म्हणजे विद्यापीठाशी संलग्न असलेलं. त्यामुळे पणजीचं आल्तिनोवरचं, मये-डिचोलीचं आणि कुडचड्याचं सरकारी तंत्रनिकेतन महाविद्यालयांत येत नाही, ती तिन्ही स्वतंत्र संस्थांत जातात. आयआयटी आणि एनआयटी विद्यापीठांच्या गटात, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था म्हणून.

आता एलएक्यूच्या उत्तराचा माथा पाहा. प्रश्न कुठल्या खात्याला होता? उच्च शिक्षण संचालनालय पर्वरीहून आपल्या अखत्यारीतली महाविद्यालयं देणार. फर्मागुडीचं अभियांत्रिकी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आरोग्य खात्याकडे. एका खात्याच्या उत्तराला 'गोव्यातली सगळी महाविद्यालयं' समजलं की झालाच घोटाळा.

झुआरीनगरच्या बिट्स पिलानीचं मूळ विद्यापीठ राजस्थानात, फोंड्याच्या न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला. अशा शाखा गोव्याच्या यादीत वेगळं विद्यापीठ म्हणून दिसल्या नाहीत तर दचकू नका. त्यांचे विद्यार्थी त्या वर्षी कुठल्या राज्याच्या खात्यात पडले ते संस्थानिहाय यादीत पडताळा आणि तळटीप द्या. गोव्यासारख्या छोट्या राज्यात एक मोठी संस्था इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते.

उलट बाजूची चूकही होते. आपल्याकडे अकरावी-बारावी हायर सेकंडरीत असते, अनेकदा त्याच संस्थेच्या, त्याच आवारात. ते विद्यार्थी शालेय आकडेवारीत, म्हणजे यूडायसमध्ये जातात. संस्थेच्या वार्षिक अहवालातून पटसंख्या उचलली तर ते त्यात मिसळलेले असू शकतात. इयत्तावार फोड नसेल तर तो आकडा वापरू नका.

याद्या जोडताना नावावरून जोडू नका, सांकेतांकावरून जोडा. मिरामारचं धेंपे कला व विज्ञान आणि कुजिऱ्याचं धेंपो वाणिज्य ही दोन वेगळी महाविद्यालयं. एक्सेलला 'जवळपास जुळणारं' चालेल असं सांगितलंत तर तो खुशाल एकाचे विद्यार्थी दुसऱ्याला देईल. व्हीलुकअपच्या शेवटच्या जागी शून्यच टाका.

आलेख तुटण्याचं कारण सरळ आहे. जुन्या अहवालांत १८ ते २३ वयोगटाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवरून अंदाजलेली होती. २०२०-२१ च्या अहवालापासून २०११ ची जनगणना आधाराला घेतली. देशाचं उदाहरण घ्या: २०१९-२० चं प्रमाण त्या वर्षीच्या अहवालात २७.१ आहे, आणि तेच वर्ष नव्या आधारावर २५.६. विद्यार्थी तेच, भाजक बदलला. म्हणून मागची वर्षंही २०२०-२१ किंवा २०२१-२२ च्या अहवालातल्या सुधारित मालिकेतूनच घ्या. जुने अहवाल त्या रकान्यापुरते मिटून ठेवा.

म्हादईपार

हे लख्ख झालं. पण एकाच अहवालात नोंदणीची दोन कोष्टकं वेगळी बेरीज देतात, त्याचं काय?

रकानेवाला

कोष्टकाचं शीर्षक वाचा. काही 'प्रत्यक्ष प्रतिसादावर आधारित' असतात, काही 'अंदाजित'. पहिल्यात फक्त माहिती भरलेल्या संस्था. २०२१-२२ मध्ये देशातल्या ४५,४७३ नोंदलेल्या महाविद्यालयांपैकी ४२,८२५ नी माहिती भरली होती. राज्याची एकूण संख्या अंदाजित कोष्टकातून घ्या. अभ्यासक्रमवार, सामाजिक गटवार वाटणी प्रतिसादाच्या कोष्टकातून घेतलीत तर ती टक्क्यांतच द्या. दोन्हींची सरमिसळ एका ओळीत नको.

गोव्यापुरती आणखी एक पाचर. सकल प्रमाणाच्या अंशात गोव्यात शिकणारे सगळे येतात, मग ते कुठल्याही वयाचे, कुठल्याही राज्याचे असोत. पुण्या-बेळगावला गेलेली गोव्याची मुलं त्यात नाहीत. भाजकात मात्र इथे कामाला आलेले १८ ते २३ चे तरुण धरलेले. समजा ४२ हजार विद्यार्थी आणि १ लाख २० हजार तरुण, तर प्रमाण ३५. लोकसंख्येचा अंदाज १ लाख ३५ हजारांवर गेला की तेच ३१.१. (आकडे काल्पनिक आहेत, उतारा करू नका.) म्हणून 'गोमंतकीय तरुणांपैकी इतके टक्के शिकतात' असं वाक्य या आकड्यावरून लिहू नये. वर्तमानपत्रांत ते सर्रास येतं.

आबोली

शिक्षकांबद्दल.

आयशेत शिक्षकांची माहिती व्यक्तिवार भरली जाते: पदनाम, नियुक्तीचा प्रकार, लिंग, सामाजिक गट वगैरे. म्हणजे मोजणी डोक्यांची होते, कामाच्या भाराची नाही. आठवड्याला सहा तास घेणारा लेक्चर बेसिसवाला आणि पूर्णवेळ प्राध्यापक दोघेही 'एक'. तो दोन महाविद्यालयांत शिकवत असेल तर दोन्हीकडून मोजला जाण्याची भीती.

'धरायचे का' याचं उत्तर तुमचा प्रश्न काय आहे त्यावर. नोकऱ्यांबद्दल लिहायचं असेल तर तीन वेगळे रकाने करा: नियमित, कंत्राटी, लेक्चर बेसिस. वर्गात एका शिक्षकामागे किती मुलं हे सांगायचं असेल तर पूर्णवेळ समतुल्य काढा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. लेक्चर बेसिसवाल्याचे साप्ताहिक तास भागिले १६ करा. आठ तास घेणारा अर्धा शिक्षक. तास आयशेत मिळणार नाहीत, ते महाविद्यालयाच्या वेळापत्रकातून किंवा मानधनाच्या बिलांतून काढावे लागतात. सगळ्या राज्याचं जमत नसेल तर चार-पाच महाविद्यालयांचं करून 'नमुना' म्हणून द्या, ताणून राज्याचं करू नका.

माहिती अधिकारात विचाराल तर 'किती शिक्षक आहेत' असं मोघम विचारू नका. 'अमुक तारखेला मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं, कंत्राटी, लेक्चर बेसिस, विषयवार, प्रत्येक वर्षी' असं विचारा. तारीख महत्त्वाची. आयशेची संदर्भ तारीख बरीच वर्षं ३० सप्टेंबर होती, कोविडच्या काळात प्रवेशच लांबले. त्या-त्या वर्षीच्या सूचनापुस्तिकेत जी छापली असेल तीच अर्जात घाला. लेक्चर बेसिसच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर होतात, जूनची तारीख घातलीत तर रकाना जवळपास रिकामा येईल आणि तुम्हाला वाटेल की असे शिक्षक नाहीतच.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत सुरक्षा आणि सफाईचे लोक बहुधा दिसणार नाहीत. ते महामंडळामार्फत किंवा ठेकेदारामार्फत येतात, आस्थापनेवर नसतात. त्यांचा खर्च मात्र खर्चात असतो.

लेखाशीर्ष_२२०२

पैशांकडे येऊ या. आयशेच्या नमुन्यात जमा-खर्चाची माहिती मागितलेली असते, पण अहवालात वापरण्याजोगं राज्यवार काही नाही. तिथे शोधत बसू नका, अंदाजपत्रक उघडा.

मुख्य लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला क्रमांक दिलेला खर्चाचा गट) २२०२ सामान्य शिक्षण, त्यातलं उपमुख्य ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण. त्याखालचे गौण शीर्ष तुमच्या कामाचे: १०२ विद्यापीठाला साहाय्य, १०३ सरकारी महाविद्यालयं, १०४ अशासकीय महाविद्यालयांना साहाय्य, १०७ शिष्यवृत्त्या. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनं २२०३ मध्ये. इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ मध्ये. नुसतं 'शिक्षणावरचा खर्च' उचललात तर त्यात प्राथमिक शाळेपासून सगळं येतं.

प्रत्येक पानावर प्रत्यक्ष खर्च, मूळ अंदाज, सुधारित अंदाज असे रकाने असतात. फक्त प्रत्यक्ष घ्या. तो दोन वर्षं मागचा असतो, म्हणून २०२१-२२ चा प्रत्यक्ष खर्च २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात मिळेल. पाच अंदाजपत्रकं चाळायची नसतील तर महालेखापालांचे वित्त लेखे घ्या, विवरण १५ मध्ये महसुली खर्च गौण शीर्षवार असतो आणि १६ मध्ये भांडवली. मला वित्त लेखे जास्त भरवशाचे वाटतात.

आता भागाकार. अख्ख्या ०३ ला सगळ्या विद्यार्थ्यांनी भागू नका. त्यात आयआयटी, एनआयटी, बिट्सचे विद्यार्थी येतील, ज्यांच्यावर राज्याचा हा पैसा खर्चच होत नाही, आणि दर विद्यार्थी खर्च उगाच कमी दिसेल. १०३ भागिले सरकारी महाविद्यालयांचे विद्यार्थी, म्हणजे साखळी, खांडोळा, केपे वगैरे. १०४ भागिले अनुदानित महाविद्यालयांचे. हे दोन आकडे शेजारी मांडा. पण एक लक्षात असू द्या: १०४ मध्ये मुख्यतः वेतन अनुदान असतं, इमारत आणि देखभाल संस्था आपल्या खिशातून करते. सरकारी महाविद्यालयांची इमारत जीएसआयडीसीमार्फत (राज्याच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळामार्फत) झाली तर तीही १०३ मध्ये नाही. म्हणून तुलना महसुली खर्चाची, असं तक्त्याखाली स्पष्ट लिहा.

१०२ चं विचित्र आहे. पैसा ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठाला जातो, पण विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षाही घेतं. फक्त विभागांतल्या विद्यार्थ्यांनी भागलं तर आकडा फुगतो, सगळ्यांनी भागलं तर फुसका होतो. मी म्हणेन भागूच नका, एकूण रक्कम द्या.

शिष्यवृत्त्या आणि शिक्षणकर्ज योजना बाजूला काढा, त्यातला काही पैसा गोव्याबाहेर शिकणाऱ्या गोमंतकीयांकडे जातो. सरकारी महाविद्यालयांतली फी सरकारी तिजोरीत ०२०२ खाली जमा होते. निव्वळ खर्च हवा असेल तर ती वजा करा.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, शैक्षणिक वर्ष जूनला. नेहमीच्या वर्षी विद्यार्थिसंख्या मागच्या वर्षाची दोन बारांश आणि चालू वर्षाची दहा बारांश घेतली की जमतं. फरक फार पडत नाही, पण परीक्षक विचारतोच. फरक पडतो थकबाकीने. वेतन आयोगाचा फरक ज्या वर्षी चुकता होतो, त्या वर्षी खर्च उसळतो. तिथे 'सरकारने खर्च वाढवला' असं लिहिण्याआधी वेतनाची ओळ वेगळी काढून पाहा.

म्हादईपार

देव बरें करूं. गोमेकॉचं काय करू? आणि एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीच्या) संस्थावार पीडीएफमध्ये खर्च दिसतो, तो चालेल का?

लेखाशीर्ष_२२०२

गोमेकॉ वगळा. तो २२१० वैद्यकीय शीर्षाखाली येतो आणि इस्पितळाचा खर्च कॉलेजच्या खर्चापासून सोडवता येत नाही. बांबोळीच्या सगळ्या रुग्णसेवेला एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी भागून काय मिळणार? 'वैद्यकीय वगळून' एवढं शीर्षकातच घाला, आणि मग विद्यार्थ्यांमधूनही त्यांना वगळायला विसरू नका.

आबोली

एनआयआरएफ राज्याच्या तक्त्याला नको. त्यात भाग घेतलेल्याच संस्था असतात, आणि भांडवली खर्चातून इमारती वगळलेल्या असतात. एखाद्या महाविद्यालयाची चौकट करणार असाल तर ठीक: मंजूर प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष विद्यार्थी आणि तीन वर्षांचा वेतन-देखभाल खर्च एकाच कागदावर मिळतो. त्यात रक्कम आकड्यांत आणि अक्षरांतही असते. दोन्ही ताडून पाहा, एखादं शून्य कमी-जास्त असलं तर अक्षरांत पकडता येतं.

म्हादईपार

शेवटचा प्रश्न. संपादक म्हणतात २०२४-२५ पर्यंत ओढा.

रकानेवाला

विद्यार्थ्यांचा रकाना एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) संकेतस्थळावरच्या फलकावरून ओढायचा मोह होईल, कारण तो लवकर अद्ययावत होतो. ओढू नका. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए त्यांच्या कक्षेत आले. तिथे प्रवेशक्षमता एकदम उडी मारते, पण मुलं तीच आहेत जी आधी नुसत्या विद्यापीठाच्या खात्यात होती.

दुसरं, २०२३-२४ पासून गोव्यात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांपर्यंतची पदवी सुरू झाली. त्या तुकडीचं चौथं वर्ष २०२६-२७ ला येईल. तोवर पदवीच्या एकूण नोंदणीला धक्का नाही, पण नंतर चौथ्या वर्षाला थांबलेले पदवीत मोजले जातील आणि जे आधी एमएच्या पहिल्या वर्षाला गेले असते ते तिथे कमी दिसतील. तक्ता पुढेही चालवणार असाल तर आत्तापासूनच पदवीचा रकाना वर्षवार ठेवा: पहिलं, दुसरं, तिसरं, आणि एक रिकामा.