मदत हवी आहे: फ्रेंच दही केक बिनअंड्याचा जमेल का?

नमस्कार मंडळी, मी फ्रान्समधे लिऑंला राहते, इथे लहान पोरं सगळ्यात आधी शिकतात तो गातो ओ याऊर्त म्हणजे दह्याचा केक आता सवयीने होतो. वजनकाटा लागतच नाही, दह्याचा १२५ ग्रॅमचा डबा रिकामा करायचा आणि त्यानेच मोजायचं, दोन डबे साखर, तीन मैदा, अर्धा डबा तेल, ३ अंडी, बेकिंग पावडरची ११ ग्रॅमची पुडी, १८० डिग्रीला अर्धा-पाऊण तास की झालं.

आता सुट्टीत सांगलीला घरी करायचाय आणि आईला अंडं अजिबात चालत नाही. शिवाय घरचं दही आंबट आणि पाणी सुटणारं, टांगून ठेवलं तर चक्का होऊन केक कोरडा पडेल का? अंड्यांऐवजी दहीच वाढवू की थोडं दूध? आंबटपणाला चिमूटभर सोडा चालेल ना? कंडेन्स्ड मिल्क प्लीज सुचवू नका, मग तो बेकरीतला एगलेस केकच होतो, याची मजा त्या साध्या ओलसर चवीत आहे. ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन) छोटा आहे, वरून पटकन लाल होतं आणि मधे कच्चं राहतं, तर तापमान किती ठेवू? कुणी खरंच केला असेल तर प्रमाणासकट सांगा प्लीज.