आशा ठेवायला जागा आहे, गच्चीवर बघा

तंत्रज्ञानाने हवामानाचं काही भलं होणार नाही, उलट पोरांच्या गेमिंगने वीज जास्तच जळते, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. नागपूरचा मे मीही भोगते. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा माझा मुलगा तान्हा होता आणि ओली चादर खिडकीला बांधून मी रात्री काढल्या. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता गप्पांचा नाही.

आता गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे. सरकारी अनुदान ७८ हजार मिळालं. चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज होते. मुलाचा गेमिंगचा पीसी साधारण ३०० वॅट खातो, म्हणजे तीन तास खेळला तरी एक युनिटही होत नाही. खरा वीजखाऊ एसी आहे हो! आणि एक गोष्ट सोलर बसवल्यावरच कळली: ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं नसतं. पॅनल तापलं की उत्पादन घटतं, त्यामुळे फेब्रुवारीतली दुपार कधी कधी मेपेक्षा सरस ठरते.

पोरगा सकाळी सहाला पाईप घेऊन पॅनल धुतो, काळपट पाणी पन्हाळीतून वाहतं, मग दिवसभर मोबाईलवर युनिट मोजत बसतो. रात्रीची वीज अजून कोळशाचीच, हे मान्य. पण दहा वर्षांपूर्वी दिवसाचीही तीच होती ना?