डोंगर-तळ्यांतला रेल्वे प्रवास: तुम्ही कसा आखला?

मंडळी, पुढच्या जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. बाबा पासष्टी ओलांडलेले आणि पक्के रेल्वेवेडे, मिरजेत लहानाचे मोठे झालेत आणि ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही एकाच गावात बघितलेत. त्यामुळे टूरची बस नकोच, सगळं रेल्वेनं करायचंय. तिथल्या डोंगरातल्या दोन नावाजलेल्या गाड्यांपैकी ग्लेशियर एक्सप्रेस घ्यावी का बर्निना, आणि स्विस ट्रॅव्हल पास परवडतो का? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

साताऱ्याहून
आम्ही ग्लेशियर केली, झेरमाट ते सेंट मॉरित्झ, साधारण 8 तास. 291 पूल, 91 बोगदे आणि मध्ये 2033 मीटरवरची ओबरआल्प खिंड, दृश्य तर डोळे निवतील असं. पण खरं सांगते, पाचव्या तासाला सासूबाई थकल्या, पाय मोकळे करायला जागा नाही. काचा मोठ्या असल्या तरी उघडत नाहीत, मग फोटोत आतल्या दिव्यांचंच प्रतिबिंब. आणि एक लक्षात ठेवा, स्विस ट्रॅव्हल पासात भाडं येतं पण या गाडीचं सीट रिझर्वेशन वेगळं घ्यावं लागतं, आम्हाला ते उशिरा कळलं आणि चौघांचा तो खर्च हिशोबात धरलेलाच नव्हता.

कराडहून
दादा, बाबा रेल्वेवेडे असतील तर डोळे झाकून बर्निना. आणि ती सुद्धा एक्सप्रेस नको, त्याच रुळावरून साधी लोकल जाते, रिझर्वेशन लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, वाटेत कुठंही उतरा, तळ्याकाठी बसून डबा खा, मागच्या गाडीनं पुढं जा. आम्ही सेंट मॉरित्झहून तिरानोला असंच गेलो. ओस्पित्सिओ बर्निना स्टेशन 2253 मीटरवर, शेजारी लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं, आणि पाणी खरंच दुधाळ दिसतं. पुढं ब्रुझिओला गाडी गोल पुलावर चढून स्वतःच्याच रुळाखालून बाहेर पडते. आता बाबांसाठी: आपल्या गोव्याच्या वाटेवरच्या कॅसलरॉक-कुळे घाटात चढ सदतीसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, आणि मागं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. बर्निनाला चढ 7 टक्के, म्हणजे चौदात एक, तरी इंजिनाचं दातेरी चाक अडकवायला मध्ये दातेरी रूळ नाहीत, नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते! तिरानो इटलीत आहे, पासपोर्ट जवळ ठेवा.

विट्याहून
तळी बघायची तर लुझर्न-इंटरलाकेन विसरू नका. दोन तासांच्या आत होतं, साध्या पासावर चालतं. लुझर्नहून निघताना उजवीकडं बसा. सार्नेन, लुंगेर्न ही तळी त्याच बाजूला, आणि मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते त्यामुळं ब्रिएन्झचं तळंसुद्धा तुमच्याच खिडकीला येतं, जागा बदलायला नको. पोरं बरोबर असतील तर आईवडलांच्या पासावर 16 वर्षांखालची फुकट, फॅमिली कार्ड मागून घ्या.

वाईहून
रोज मुक्काम बदलू नका एवढंच कळकळीनं सांगेन. आम्ही 9 दिवसांत 6 गावं केली आणि वडील बॅगा उचलूनच दमले. दोन गावं धरा, तिथून रोज जाऊन या. उंचावर जायच्या दिवसाचं तिकीट आधी काढू नका, सकाळी डोंगरावरचा लाइव्ह कॅमेरा बघा, ढग असतील तर त्या दिवशी तळ्यातली बोट करा, बऱ्याचशा बोटी पासातच येतात. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या, पाणी विकत घ्यायची गरज नाही, गावोगावच्या कारंज्यांचं पिता येतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लेशियर रद्द. लुझर्न आणि सेंट मॉरित्झ, दोनच मुक्काम. कराडच्या दादांचं चौदात एक बाबांना वाचून दाखवलं, दोनदा विचारलं त्यांनी, मागं बँकर नाही ना नक्की? आता वही घेऊन स्टेशनांची नावं उंचीसकट उतरवत बसलेत. आई विचारतेय, त्या पांढऱ्या तळ्याशी उतरलो तर पुढची गाडी किती वेळानं?