डलहौसीच्या आधीचं कुलाबा

सहसा म्हटलं जातं की दत्तक नाकारून राज्य खालसा करायला गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, १८४८ मध्ये साताऱ्यापासून सुरुवात झाली. आपल्या अलिबागचं, म्हणजे आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाचं उदाहरण त्याच्या आधीचं आहे. १८२२ च्या तहाने आंग्रे ईस्ट इंडिया कंपनीचे मांडलिक झाले आणि गादीवर कोण बसणार यात कंपनीचा शब्द आला. १८३८ च्या अखेरीस रघोजी आंग्रे वारले. त्यांच्या मागे जन्मलेला मुलगा, दुसरा कान्होजी, तान्हा असतानाच १८३९ मध्ये गेला. दत्तकाची विनंती झाली, ती फेटाळली आणि १८४० मध्ये राज्य कंपनीच्या मुलखात गेलं. डलहौसी भारतात यायला तेव्हा आठ वर्षं होती! महसूल किंवा मुलूख वाढवण्याची रास्त संधी सोडू नये, असं कंपनीच्या विलायतेतल्या संचालकांनी १८४१ मध्ये कुलाब्याच्याच निमित्ताने कळवलं होतं.

अर्थात आंग्र्यांच्या घरात पुण्याच्या पेशव्यांनीही हात घातला होता. संभाजी आणि मानाजी हे आंग्रे भाऊ भांडत असताना पहिल्या बाजीरावांनी दौलत वाटून दिली, कुलाबा मानाजीकडे ठेवला. पण ती घराण्यातच राहिली, हा फरक मला फार मोठा वाटतो.

सावंतवाडीत वेगळा मार्ग: १८३८ मध्ये कारभार आणि तिजोरी इंग्रजांच्या हाती, गादी मात्र सावंतांचीच.