वाकलेली एलपी काचेत तापवून सरळ करावी का?

तेहतीसफेरे (धागाकर्ता)

वाकलेल्या एलपीबद्दल दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो ओव्हनमध्ये घाला, दुसरा म्हणतो हातच लावू नका. पहिल्याने रेकॉर्डचा पापड होतो, दुसऱ्याने ती कपाटात पडून राहते. माझं मत असं, की तापमान ताब्यात असेल तर घरी रेकॉर्ड सरळ करता येते आणि करावी.

एलपी पीव्हीसीच्या मिश्रणाची असते. ते साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मऊ पडतं. या पट्ट्याच्या जरा खाली, ५२ ते ५४ अंशांवर, वाकलेला भाग दाबाखाली हळूहळू सैल होतो आणि ग्रूव्ह, म्हणजे आवाज कोरलेल्या खाचा, जागच्या जागी राहतात. अख्खा खेळ या पाच-सहा अंशांचा आहे. म्हणूनच घरातला ओटीजी बाद. बहुतेकांचा आकडा १०० पासून सुरू होतो आणि आतलं तापमान वीस-वीस अंश वर-खाली होतं.

त्यापेक्षा १२ मिमी प्लायवूडची पेटी करा. ६० वॅटचे दोन पिवळे (तारेचे) बल्ब लाकडापासून किमान १० सेंमी लांब लावा आणि काच व बल्ब यांच्यामध्ये पत्र्याची आड ठेवा. हवा फिरवायला १२ व्होल्टचा लहान पंखा. अंडी उबवण्याच्या पेटीत वापरतात तो डब्ल्यू१२०९ थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारा), त्याचा सेन्सर वरच्या काचेला चिकटवलेला. पेटी चालू असताना घर सोडून जायचं नाही.

काच साधी फ्लोट, ६ मिमी जाडीची, १४ × १४ इंचाचे दोन तुकडे, कडा घासून घेतलेल्या. रेकॉर्ड या दोन काचांच्या मध्ये ठेवायची. एका तुकड्याचं वजन १.९ किलोच्या आसपास भरतं, तेवढा दाब पुरतो. टफन्ड काच घेऊ नका. भट्टीत रुळांवरून जाताना तिच्या पृष्ठभागावर बारीक लाटा येतात आणि आपल्याला तर सपाटपणाच हवा आहे. साधी काच एकदम तापवली तर तडकते, पण इथे सगळंच संथ आहे.

रेकॉर्ड आधी धुऊन पूर्ण वाळवा. काचेखाली राहिलेला धुळीचा कण तापल्यावर कायमचा रुतून बसतो. आतलं कागदी पाकीट काढा, नाहीतर कागदाचा पोत उमटतो. प्लास्टिकचं तर हमखास चिकटतं. काच ५४ अंशांवर पोचली की तिथून चार तास, मग बल्ब बंद आणि झाकण न उघडता रात्रभर निववणं. घाईने काढली तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने थंड होतात आणि सपाट झालेली रेकॉर्ड वाटीसारखी होऊन बसते.

सुईधार

पेटी नेटकी आहे, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही. सगळा विचार वाकाचा केलाय, ग्रूव्हचा नाही. वाक मिलिमीटरमध्ये मोजतात. वरच्या पट्टीतल्या आवाजाची नागमोड एका मायक्रॉनहून बारीक असू शकते. जी उष्णता तीन मिलिमीटरचा वाक सोडवते ती या नागमोडीला अजिबात धक्का लावत नाही, याची खात्री कानाने होत नाही. झालेलं नुकसान परतही येत नाही.

आणि प्रत्येक वाक काढायची गरज असते का? मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे एका फेरीत एकदा येणारा संथ वाक ०.५५ हर्ट्झचा. तो टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, सहज झेलतो. त्रास कडेच्या आखूड उंचवट्यांचा, ते ३ ते ६ हर्ट्झपर्यंत जातात. आर्म आणि कार्ट्रिज (टोकाचा सुई बसवलेला भाग) यांची मिळून येणारी अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या वेगाला ते आपोआप डोलू लागतात ती, ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. १२ ग्रॅम परिणामी वजनाचा (इफेक्टिव्ह मास) आर्म, स्क्रूसह ७ ग्रॅमचं कार्ट्रिज आणि सुईची लवचीकता (कॉम्प्लायन्स) २० असेल तर १५९ भागिले (१९ × २०)चं वर्गमूळ, उत्तर साधारण ८.२. काठावर पास. तेच लवचीकता १० असलेलं कार्ट्रिज लावलं तर ११.५ येतं, आणि जी रेकॉर्ड उड्या मारत होती ती बरेचदा मुकाट वाजते.

त्याच्या जोडीला स्क्रूचा क्लॅम्प घ्या, नुसतं वजन नको. कडा वर आलेल्या वाटीसाठी स्पिंडलभोवती (मधल्या खुंटीभोवती) लेबलखाली १ मिमी जाडीचा, तीन सेंमीहून कमी व्यासाचा रबरी वॉशर ठेवा. क्लॅम्प आवळला की लेबलची बाहेरची कड दबते आणि रेकॉर्डची कडा खाली येते. वाटी उलटी असेल तर वॉशर नको, नुसता क्लॅम्प पुरे. वूफरचा पडदा हलताना दिसत असेल तर २० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर चालू करा. यातलं काहीही उद्या काढून ठेवता येतं. उष्णता काढून ठेवता येत नाही.

तेहतीसफेरे

कार्ट्रिजचं गणित मान्य. क्लॅम्पही आधी करून पाहावा, वाद नाही. पण ग्रूव्ह आणि वाक एकाच मापाने मोजू नका. ग्रूव्ह छापखान्यात वाफेने तापवलेल्या साच्यात, दीडशे अंशांच्या आसपास वितळलेल्या मालावर उमटतात. माळ्यावर आडव्या पडून किंवा गाडीत तापून आलेला वाक नंतरचा, कमी तापमानाचा. म्हणून तो कमी तापमानाला सुटतो. साच्यातून गरम असतानाच ओढून काढल्यामुळे कारखान्यातूनच आलेला वाक ५४ अंशांना दाद देत नाही. तो घालवायला तापमान वाढवत जाल तर ग्रूव्ह नक्की जातील, तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. कडेला चिमटा काढल्यासारखा टोकदार उंचवटा दिसला तर पेटीत घालूच नका.

काटेकोर

सेन्सरची जागा चुकली आहे, आणि ही चूक महाग पडेल. दोन काचा मिळून पावणेचार किलोंचा माल, तो संथ तापतो. सेन्सर काचेवर असेल तर काच ५४ होईपर्यंत बल्ब चालूच राहतात. तोवर आतली हवा ८० पार जाऊ शकते. बल्ब बंद झाल्यावरही काच वर चढत राहते आणि काठाजवळचा भाग मधल्यापेक्षा आधी तापतो. नेमका तिथेच वाक असतो आणि तिथेच बाहेरचे ग्रूव्ह. थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत ठेवा, ५५ वर लावा. काचेवर दुसरा, मल्टिमीटरला जोडलेला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, तो फक्त वाचायला. वेळ जास्त लागेल, पण काच हवेच्या पुढे जाणार नाही. इन्फ्रारेड बंदूक इथे कामाची नाही. ती काचेच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते, आतल्या रेकॉर्डचं नाही.

दुसरं, वाक मोजल्याशिवाय काही करू नका. रेकॉर्ड सपाट काचेवर ठेवा आणि उचललेल्या कडेखाली ८० जीएसएमचे कागद सरकवा. दहा कागद म्हणजे जवळपास १ मिमी. आकडा आणि जागा लिहून ठेवा. नंतर त्याच जागी पुन्हा मोजा. नाहीतर 'सुधारली वाटते' यापलीकडे काहीच कळत नाही.

उन्हाळी

एवढा खटाटोप कशाला? विदर्भात मे महिन्यात काचेत घालून गच्चीवर ठेवली की तासाभरात सपाट होते.

काटेकोर

सपाट होते, हे खरं. पण काळी रेकॉर्ड काचेखाली थेट उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. सावलीत ४४ अंश असताना ती साठीच्या पुढे सहज जाते. मध्ये ढग आला तर एकदम उतरते. तापमान कळतही नाही आणि थांबवताही येत नाही. हेअर ड्रायरचीही तीच गत, शिवाय तो एकाच जागी तापवतो.

लेबलवाचक

कोणीच न काढलेला मुद्दा: काच नक्की कुठे टेकते? १९५०च्या दशकापासून बऱ्याच एलपींची कडा आणि लेबल ग्रूव्हच्या पट्ट्यापेक्षा किंचित जाड ठेवतात. काच या दोन ठिकाणी टेकते, ग्रूव्ह अधांतरी राहतात. त्याआधीच्या सपाट एलपींना हे संरक्षण नाही, काच थेट ग्रूव्हवर बसते. रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरून कडेचा फुगवटा दिसतो का पाहा. नसेल तर सुईधार यांचं ऐका.

आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या या पेटीत चुकूनही घालू नका. भारतात त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे जुन्या बाजारात एलपींच्या गठ्ठ्यात मिसळलेल्या सापडतात. त्या लाखेच्या, दगडाची भुकटी घातलेल्या. दाबल्या की तडकतात. त्या धुताना अल्कोहोलही नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

सुईधार

फुगवटा असलेली, सहज दुसरी प्रत मिळणारी, नंतर वाकलेली रेकॉर्ड असेल तर पेटीला माझा विरोध सौम्य होतो. पण जिची दुसरी प्रत मिळणार नाही ती तापवू नये, या मतावर मी ठाम आहे. तिच्यासाठी क्लॅम्प, कमी लवचीकतेचं कार्ट्रिज, आणि वाजवता वाजवता डिजिटल प्रत.

तेहतीसफेरे

सेन्सर हवेत, ५५ वर. दुरुस्ती मान्य, वरची कृती तशी वाचावी. चार तास काचेवरचं थर्मोकपल ५२ दाखवू लागल्यापासून मोजा. दुर्मीळ प्रतीबाबत मात्र मी इतका मागे हटणार नाही. कडेचा वाक ४ मिमीच्या वर असेल तर क्लॅम्प तो पुरता दाबत नाही, सुई दर फेरीला उडून परत आदळते, आणि त्या आदळण्यानेही ग्रूव्ह झिजतात. अशा वेळी आधी तशाच वाकाची, टाकाऊ एलपी पेटीत घालून आधी-नंतर कागदांनी मोजा. दोन्ही वेळा तिचा तोच तुकडा रेकॉर्ड करून वरच्या पट्टीची तुलना करा. फरक दिसला तर दुर्मीळ प्रत बाहेरच ठेवा.